डाव्या हातावरचा क्लोक

चिखलोलीच्या नव्या घराला पडदे हवे होते म्हणून परवा उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये गेले होते. दुकानदाराने फळीवरचा तागा ओढला, गादीवर आपटला आणि मनगटाला एक हिसका देऊन कापड माझ्यासमोर उलगडलं. ते हवेत फुगलं, क्षणभर तिथंच थांबलं आणि मग एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे हळूहळू खाली बसलं. खळीचा वास आला. "फॉल बघा मॅडम, फॉल," तो म्हणाला. मी फॉल बघतच नव्हते. कापड वर असताना तो माणूस त्याच्यामागे दिसेनासा झाला होता. त्याचा हात कुठे आहे ते मला कळलं नव्हतं.

"अजून एकदा टाकता का?" मी म्हटलं.

त्याने टाकलं. मी पुन्हा हात शोधला. पुन्हा सापडला नाही. माझ्या अंगावर शहारा आला आणि पाठोपाठ हसूही. कारण याच एका गोष्टीच्या मागे आम्ही चौघांनी एक अख्खा उन्हाळा घालवला होता, याच गल्लीत, कोमलच्या पप्पांच्या दुकानाच्या माळ्यावर.

तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात.

तेव्हा आमची कॉलेजं नुकतीच संपली होती आणि नोकऱ्या नीट लागायच्या होत्या. मी अंबरनाथची. संध्याकाळी वारा फिरला की कंपन्यांचा आंबूस, घशात बसणारा वास आमच्या खिडक्यांतून आत यायचा आणि आई न बोलता उठून खिडकी लावायची. कोमल माझी कॉलेजातली मैत्रीण, सिंधी, कॅम्प पाचात जन्मलेली. तिचं मराठी हिंदीच्या कडेकडेने चालायचं. तिच्या पप्पांचं पडद्याच्या कापडाचं दुकान. खाली कात्रीचा करकर आवाज, गिऱ्हाइकांची घासाघीस, आणि वर लाकडी जिन्याने गेलं की ताग्यांनी भरलेली बुटकी खोली. मधोमध एक कटिंग टेबल. रविवारी दुपारी ते टेबल आमचं असायचं. पोचल्या पोचल्या तिची मम्मी पापड आणि पाणी आणून ठेवायची. तो पापड मोडल्याचा आवाज झाला की खेळ सुरू झाला असं समजायचं.

खेळ तसा साधा. कागद, पेन्सिल, फासे आणि तोंड. प्रत्येकाने एक माणूस कल्पायचा: त्याचं नाव, त्याचं बळ, त्याच्या अंगावरच्या वस्तू कागदावर लिहायच्या. एक जण खेळ चालवणार. तो सांगणार की समोर जंगल आहे, दरोडेखोर आहेत, पूल आहे. तुम्ही सांगायचं की तुमचा माणूस काय करतो. जमेल की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. मोठा आकडा आला तर जमलं, छोटा आला तर फजिती. खेळ चालवायची कोमल. समोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून त्यामागे ती शत्रूचे फासे टाकायची. माझी होती एक जासूद बाई, पत्रं पोचवणारी, अंगाने किडकिडीत. आणि प्रथमेशचा एक आडदांड वैद्य, जो माणसं जोडण्यापेक्षा मोडायचाच जास्त. प्रथमेश बदलापूरच्या बाहेरच्या एका गावचा, आगरी घरातला. वर्गात त्याचा आवाज आधी यायचा आणि मागून तो.

भूषण त्याचा चुलतभाऊ. तो आला तो एप्रिलअखेरच्या एका रविवारी, जांभळांची पिशवी घेऊन. कबड्डीत डाव्या कोपऱ्यावरचा गडी म्हणून त्याचं पंचक्रोशीत नाव होतं. चढाईला आलेल्याचा घोटा त्याच्या हातात आला की सुटत नसे म्हणायचे. मग अपघात झाला. कसा झाला ते आम्ही विचारलं नाही आणि तो बोलला नाही. डावा हात खांद्यापासून लोंबत राहिला. तो त्याला पँटच्या खिशात खोचून ठेवायचा. त्याच्या आईने प्रथमेशला सांगितलं होतं, "याला घेऊन जा रं कुठं तरी. दिसभर भिंतीकडं बघून असतो."

पहिल्या दिवशी तो नुसता बघत बसला. जांभळं खाऊन आमच्या जिभा जांभळ्या झाल्या होत्या, कागदांवर बोटांचे डाग पडले होते. शेवटी कोमलने विचारलं, "तू पण घे ना एक कॅरेक्टर. काय बनायचंय? सोल्जर? जादूगार?"

"मना एका हाताचा माणूस दे," भूषण म्हणाला.

प्रथमेश जांभूळ चघळायचा थांबला. मी खाली बघितलं. कोमलने मात्र पेन्सिल उचलली. "एका हातात तलवार. दुसरा हात नाहीच, की आहे?"

"हाय. काम करत नाय."

"ओके. नाव?"

"कोपरा."

"कोपर की कोपरा?"

"दोन्ही," तो म्हणाला, आणि आम्ही त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं.

त्याने मग वस्तूंची यादी बघितली. तलवार, मशाल, दोरी, क्लोक. क्लोकवर त्याचं बोट थांबलं. "ह्ये काय?"

आमच्याकडे त्याला शब्दच नव्हता. झगा म्हणावं तर डोळ्यांसमोर लहान मुलीचा फ्रॉक येतो. शाल म्हणावं तर सत्कार. प्रथमेश म्हणाला, "घोंगडी समज. गळ्याशी बांधलेली." चित्र दाखवलं तेव्हा भूषणने ते बराच वेळ बघितलं. खांद्यावरून घोट्यापर्यंत पडलेलं कापड, आणि आतलं काहीच दिसत नाही.

"ह्याच्या आत कंचा हात चालतो नि कंचा नाय, समोरच्याला काय कलणार?" तो म्हणाला. "ह्ये फुकट पांघरायचं काय? लढायला नाय वापरता येत?"

"रूलमध्ये नाहीये," कोमल म्हणाली. मग स्वतःशीच, "पण येईल का?"

त्या 'येईल का' ने आमचा उन्हाळा व्यापला.

आम्ही गच्चीवर जायला लागलो. दुपार कलली की गच्चीची फरशी अजून तापलेली असायची. पाणी मारलं की तिच्यातून भाजलेल्या मातीसारखा वास उठायचा. शेजारच्या गच्च्यांवर पापड वाळत असायचे, कुठे धुतलेल्या जीन्सच्या रांगा. तलवारी म्हणून ताग्याच्या आतले पुठ्ठ्याचे रूळ. आधी कोमलच्या पलंगावरची चादर आणली. ती समोरच्यावर फेकली की अर्ध्या वाटेतच गोळा व्हायची. मग जिन्यात कोमलचे पप्पा भेटले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "चादर क्यूँ? बेटी, हमारे पास कपड़ा कम है क्या?"

त्या माणसाला आमच्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कापड हवेत काय करतं या प्रश्नाने त्यांना पकडलं. गिऱ्हाईक नसलं की तुकडे घेऊन ते स्वतः वर यायचे. जॉर्जेट उडायचं सुंदर, पण पडायचंच नाही. समोरचा त्याच्याखालून आरामात चालत येई. वेलवेट जड, दोन फेकीत हात भरून येई. मागे रबर लावलेलं काळं पडद्याचं कापड कडक. ते फट्‌कन उघडायचं, पण त्यातून घामाची आणि टायरची घाण यायची. शेवटी त्यांनी एक जाड सुती कापड काढलं, विटकरी रंगाचं, आणि त्याच्या काठात शिशाच्या मण्यांची दोरी ओवली. पडदा पंख्याच्या वाऱ्याने हलू नये म्हणून घालतात ती. "अब फेंको, पुट," ते भूषणला म्हणाले, बेटा म्हणावं तसं.

भूषणने उजव्या हाताने फेकलं. काठ आधी गेला, मागून कापड, आणि प्रथमेशच्या डोक्यापासून कमरेपर्यंत सगळं त्यात. आतून प्रथमेशचा आवाज आला, "आयला! काय दिसत नाय!" पप्पांनी टाळ्या वाजवल्या.

किती गोष्टी कळल्या त्या गच्चीवर! कापड पायात टाकलं तर माणूस आपोआप मागे सरतो. तलवारीवर टाकून मनगट फिरवलं की तलवार गुंतते, पण आपणही तिच्याशी बांधले जातो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट भूषणनेच काढली. त्याने डावा हात खिशातून काढून क्लोक त्याच्याभोवती गुंडाळायला सांगितला, दोन-तीन वेढे, आणि एक टोक लोंबत सोडायचं. मग तो अंग तिरकं करून वळला. तो हात स्वतःहून उचलला जात नव्हता, पण खांदा आणि कंबर वळवली की पुढे यायचा. त्यावर घाव झेलता येत होता. लोंबणाऱ्या टोकाकडे समोरच्याचं लक्ष जाई, तेवढ्यात उजवा हात पोचलेला असे.

प्रथमेशने रूळ मारला. जोरात बसला.

"लागलं का रे?"

"माहीत नाय," भूषण म्हणाला. "बघून सांगतो."

आधी आम्ही दचकलो. मग त्यालाच इतकं हसू फुटलं की आम्हीही गच्चीच्या कठड्याला टेकून हसलो.

कोमलने नियम केला. क्लोक हातावर गुंडाळला तर ढालीचं काम करेल. फेकला तर समोरचा एक डाव आंधळा. आणि कोपरा जिंकायला लागला. दरोडेखोर हरले, लांडगे हरले, किल्ल्याचे पहारेकरी हरले. उन्हाळा सरला, पावसाळ्यात गच्ची शेवाळली, ताग्यांना दमट वास यायला लागला, आम्ही खोलीत दिव्याखाली खेळत राहिलो. श्रावणात कोमलची मम्मी गोड लोला, तुपातल्या जाड पोळ्या, करायची. तुपाचे हात लागून फासे घसरायचे. कोपरा जिंकतच होता. भूषण मात्र हळूहळू गप्प होत चालला होता. ते आमच्या ध्यानात आलं नाही.

एका रविवारी शत्रूचा घाव कोपऱ्यावर होता. कोमलने आडोशामागे फासा टाकला. तो टेबलावर आपटून उसळला, पुठ्ठ्यावरून बाहेर आला आणि भूषणच्या पेल्याला लागून थांबला. वीस. याहून मोठा घाव खेळात नाही.

"चुकला," कोमल म्हणाली आणि हात पुढे केला.

भूषणने फाशावर बोट ठेवलं. "वीस हाय."

"बाहेर पडला ना, बाहेरचा काउंट नाही करत."

"सरळ मानेवर. मी मरायला पायजे."

"अरे यार, गेम आहे..."

"गेम हाय ना? मग मार."

कोमलने हात मागे घेतला. तिचा चेहरा लाल झाला होता. भूषणने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग भावाकडे. "किती दिसांपासून चाललंय?" त्याने विचारलं. उत्तराची वाट न बघता तो उठला. जिन्यावरची त्याची पावलं आम्ही शेवटपर्यंत ऐकली. खाली कात्री चालूच होती.

पुढचे काही रविवार तो आला नाही. त्याच्याशिवाय खेळायला बसलो तर टेबल मोठं वाटायचं. शेवटी आम्ही तिघं त्याच्या गावी गेलो. भातं कापून झाली होती. वाटेवर पेंढ्याचा उबदार वास होता. त्याच्या आईने ओटीवर बसवून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. "तो मैदानात असंल," ती म्हणाली.

मैदानात कबड्डी चालली होती. भूषण खिशात हात खोचून डाव्या कोपऱ्यावर उभा. चढाईला एक उंच, सळसळता पोरगा आला. इकडे हूल, तिकडे हूल, धूळ नुसती. मग तो भूषणच्या बाजूला आला आणि त्याचा वेग गेला. जणू कुणी पाणी ओतलं. त्याने पाय जवळजवळ हातात दिला. भूषणने घोटा धरला तसा तो खाली बसला, अगदी अलगद. सगळे ओरडले, "भूषणदादा!"

भूषण बाहेर आला, आमच्याशेजारी बसला. गुडघ्यावरची माती झटकत म्हणाला, "बघितलात? तालुक्याच्या टीममदी खेळतो तो. माझ्याकडं आला का बसतो." मग म्हणाला, "घरात कॅरम मांडला तर काकाची राणी जातच नाय. पोरंसोरं बी शिकलीत. मना वाटलं तुमच्यात तरी..."

"मला वाटलं तुला आवडतंय जिंकायला," कोमल म्हणाली.

"आवडलं ना. पयल्यांदा आवडलं. मंग रोजच जिंकायला लागलो."

कोमल मातीत बोटाने काहीतरी काढत राहिली. मग तिने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर वाईट वाटणं नव्हतं, गच्चीवर असायचं तेच कुतूहल होतं. "मग सांग, क्लोक कसा हरतो?"

भूषणने तिच्याकडे नीट बघितलं. "फाटतो," तो म्हणाला. "गुंततो. वला झाला का जड होतो. मालकाचाच पाय त्याच्यात अडकतो." मग सावकाश म्हणाला, "फासा उघड्यावर टाक."

त्यानंतर आम्ही पुन्हा गच्चीवर गेलो. थंडी पडायला लागली होती, संध्याकाळ लवकर यायची. या वेळी भूषणला सोडायचं नाही अशी प्रथमेशला ताकीद होती. त्याने सोडलं नाही. क्लोक ओला करून बघितला, चिखलात लोळवून बघितला, स्वतःच्याच पायात टाकून भूषण दोनदा आपटला आणि प्रथमेशने त्याला उठायला हात दिला नाही. पप्पा कोपऱ्यात उभे राहून "अरे अरे" करत होते. नवा नियम झाला. घाव आला की फासा टेबलाच्या मधोमध, सगळ्यांसमोर. दहाच्या वर पडला तर क्लोकने झेलला. दहा किंवा त्याखाली पडला तर पातं कापडातून आरपार, आणि गुंतलेल्या कापडाने तलवारीचा हातही त्या डावापुरता अडकलेला. कोमलने आडोशाचा पुठ्ठा मोडून खिडकीतल्या भोकाला लावला, वारा येत होता म्हणून.

आणि एका रविवारी आम्ही पुलावर होतो. म्हणजे आमची माणसं होती. पलीकडे जाण्याचा तोच रस्ता, आणि पाठलागावर शत्रूचा एक भालाईत. माझी जासूद जखमी, प्रथमेशचा वैद्य तिला ओढत नेतोय, आणि पूल अडवायला मागे राहिला कोपरा. खाली गिऱ्हाईक नव्हतं. कात्री थांबली होती. पापड तसाच पडून होता.

"हाताला गुंडालतो," भूषण म्हणाला. "टोक सोडतो. तो टोकाकडे बघंल."

"बघतोय," कोमल म्हणाली. "भाला मारतो."

भूषणने फासा टाकला. चौदा. आम्ही श्वास सोडला. पुन्हा भाला, पुन्हा फासा. अकरा. जेमतेम. त्याच्या कपाळावर घाम आला होता. बसल्या जागी त्याची कंबर आणि खांदा वळत होता, गच्चीवर वळायचा तसा. खिशातला हात केव्हा बाहेर आला होता कुणास ठाऊक, टेबलाच्या कडेला पडला होता. तिसऱ्यांदा फासा फिरला. तो फिरत राहिला, एका तेलकट डागावर थबकला, आणि पडला.

तीन.

कोमलचा आवाज थोडा कापला, पण थांबला नाही. "भाला कापडातून जातो. कापड फिरून तुझ्या तलवारीला अडकतं. तू ओढतोस. सुटत नाही. दुसरा घाव छातीवर. तू पडतोस, कोपरा. पूल त्यांचा झाला."

भूषण फाशाकडे बघत होता. मला वाटलं, आता हा रडणार. मग त्याने मांडीवर थाप मारली. "आयच्या गावात," तो म्हणाला, "मेलो! खराच मेलो!" आणि तो उठून उभा राहिला, त्या बुटक्या खोलीत त्याचं डोकं छताला लागलं, आणि तो हसत होता, असा की खालून पप्पांनी विचारलं, "कौन जीता?"

"भालावाला, अंकल!" भूषण ओरडला. "भालावाला जीता!"

ती खोली फार काळ राहिली नाही. नोकऱ्या लागल्या, कोमल लग्न होऊन इंदूरला गेली, दुकान बंद झालं. विटकरी कापडाचं काय झालं, मला आठवत नाही. कुठलाच शेवटचा डाव शेवटचा म्हणून खेळलो नव्हतो.

परवा पडदे न घेताच मी दुकानाबाहेर आले आणि प्रथमेशकडून नंबर घेऊन भूषणला फोन लावला. "ये ना," तो म्हणाला, "इथंच तर हाय." काल बदलापूरला गेले. त्याचा रेती-सिमेंटचा धंदा आहे. बाहेर खडीचे ढीग, आत पंखा जोरात फिरत होता आणि कागद उडू नयेत म्हणून त्याने उजव्या हाताने डावा उचलून त्यांच्यावर ठेवून दिला होता. आम्ही चहा प्यायलो. पप्पांची आठवण निघाली, मुलांच्या शाळा निघाल्या. मग मी पुलाबद्दल विचारलं. तो तीन पडल्यावर त्याला काय वाटलं होतं, हे मला इतकी वर्षं विचारायचं होतं.

"तीन पडला होता? मना वाटतं दोन," तो म्हणाला. "खरं सांगू? त्या दिसाचं मना जास्त आठवत नाय. दुसऱ्या दिसाचं आठवतंय."

"दुसऱ्या दिवशी काय झालं?"

"काय नाय झालं. दिसभर फोन घेऊन बसलो होतो. वाटलं, आता कोमल करंल, तू करशील. बरा हायेस ना, वाईट नाय ना वाटलं, असं विचारायला. अपघातानंतर सगले करायचे ना." त्याने कागदावरचा हात उचलून थोडा सरकवला. "कोणी नाय केला. संध्याकाळी मी गावभर फिरलो, इतका खूश होतो. का नाय केला गं?"

मी आठवून बघितलं. त्या सोमवारी मी काय करत होते, काही डोळ्यांपुढे येईना. कोमलशी बोलणं झालं होतं का? बहुतेक नाही. ठरवून तर नक्कीच नाही.

"सुचलंच नाही रे," मी म्हटलं.

"तेच," भूषण म्हणाला.